टाका का लांबला? गोधडी, सांधे आणि माझ्या मसुद्यातली एक चूक

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'विसाव्या शतकाच्या अखेरीस या भागातल्या गोधडीची शैली बदलते, टाका लांब होतो आणि ओळी विरळ होतात.' खरं सांगायचं तर हे वाक्य मला फार आवडलं होतं. त्याला जोडून कारणही दिलं होतं, की सुती लुगडी जाऊन सिंथेटिक साड्या आल्या आणि त्यामुळे शिवण बदलली. गाईडांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: 'शिवणारीला विचारलंस का?'

विचारलं नव्हतं. आज तुम्हाला त्याच चुकीबद्दल सांगणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटच्या किंवा संशोधन आराखड्याच्या तयारीत आहात. 'वस्तू हे इतिहासाचं साधन' हा धडा तुम्ही वाचला असेल. पण वस्तू ज्या हातांनी केली, त्या हातांचं काय करायचं हे त्या धड्यात सहसा नसतं.

आधी गोधडीविषयी थोडं

पश्चिम महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात, कुठे चार पदरांची म्हणून चौघडी, आणि तान्ह्या बाळासाठी केलेलं ते दुपटं. मूळ कृती सगळीकडे जवळपास एकच. जुनी लुगडी, धोतरं, साड्या धुऊन एकावर एक अंथरायच्या, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, कडेने सुरुवात करून धावदोऱ्याने आत आत यायचं. बंगालमध्ये कांथा, सिंधमध्ये रल्ली, बिहारमध्ये सुजनी, उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी, या सगळ्या एकाच कुळातल्या बहिणी आहेत.

यांपैकी कांथेचा अभ्यास लवकर सुरू झाला. गुरुसदय दत्त यांनी गावोगाव फिरून कांथा जमवल्या, स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. कांथेवर चित्रं असतात. हत्ती, कमळ, पालखी, कधी करणारीचं नावसुद्धा. अभ्यासकाला वाचायला काहीतरी मिळतं. आपल्या साध्या वाकळेवर बहुतेक वेळा काहीच नसतं. असतात फक्त ठिगळं आणि टाके. गाडगेबाबांना लोक 'गोधडेबुवा' म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या पांघरुणावरून. म्हणजे गोधडी आपल्याकडे गरिबीची आणि वैराग्याची खूण झाली, पण कलेची वस्तू म्हणून कुणी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. त्यामुळे टाका वाचायची पद्धतही कुणी बसवली नाही. ती मी माझ्या मनाने बसवली आणि तिथेच फसले.

एक गोष्ट मात्र मी नीट केली होती, ती तुम्हीही लक्षात ठेवा. गोधडीचा काळ ठरवताना तिच्यातलं सर्वांत जुनं कापड बघू नका, सर्वांत नवं बघा. आजेसासूचं लुगडं चाळीस वर्षं ट्रंकेत राहून मग गोधडीत जाऊ शकतं. पण जी साडी अजून विणलीच गेली नव्हती, ती गोधडीत असू शकत नाही. गोधडी तिच्यातल्या सर्वांत नव्या कापडाइतकी किंवा त्याहून अलीकडची. शिवाय कड उसवून आत डोकवा, कारण कित्येकदा आतला थर म्हणजे एक आख्खी जुनी गोधडीच असते.

दोन गोधड्या, एकच हात

मी ज्यांच्या घरी जात होते त्यांना मावशी म्हणते. नाव आणि गाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. त्यांच्या माळ्यावरून दोन गोधड्या खाली काढल्या. पहिली सगळी सुती लुगड्यांची. टाका इतका बारीक की बोटाच्या एका पेरात सहा-सात मावतात, आणि नीट पाहिलं की ते चार-चार, पाच-पाचच्या गटांत सरळ चालतात. म्हणजे सुईवर एका दमात चार-पाच टाके भरून मग दोरा ओढलेला. दुसरी नंतरची. तिच्यात सुती आणि सिंथेटिक दोन्ही. टाके एका पेरात तीन. प्रत्येक टाका सुटा, थोडा तिरका, आणि दोन ओळींमधलं अंतर जवळजवळ दुप्पट.

मी म्हटलं, कापड बदललं म्हणून टाका बदलला. दिसायला तर्क चोख होता.

गाईडांच्या त्या पेन्सिलीनंतर मी परत गेले आणि दुसरी गोधडी पुढ्यात ठेवून विचारलं, "मावशी, हिचे टाके मोठे का हो?" त्यांनी गोधडीकडे पाहिलंच नाही. उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या जरा वर, हाड खांद्यासारखं बाहेर आलं होतं. म्हणाल्या, "ही अंगठा गेला तवाची हाय. सुई धरली की कळ डोक्यात जायची. मग एक टाका घालायचा, थांबायचं. दुसरा घालायचा, थांबायचं."

मी महिनाभर ज्याला 'शैलीतला बदल' म्हणत होते, ते हे होतं.

चिमटीचा हिशेब

अंगठ्याच्या बुडाचा सांधा फार छोटा. पण बोटांच्या टोकांनी आपण जितक्या जोराने काही धरतो, त्याच्या कितीतरी पट दाब तिथे येतो. कूनी आणि चाओ या अभ्यासकांनी १९७७ मध्ये हा हिशेब मांडला: टोकाशी १ किलोची चिमूट, तर बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब. आता चार-पाच थरांतून पाच टाके भरलेली सुई ओढून काढायला किती जोर लागतो, ते एकदा स्वतः करून बघा. मी केलं. अर्ध्या तासात मीच बोटाला चिंधी गुंडाळली. मावशींकडे सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा होता, सुई पकडून ओढायला. तो माझ्या आधीच्या तिन्ही भेटींत सुयांच्या डबीतच होता. मी सुयांचे फोटो काढले, त्या तुकड्याचा काढला नाही. कचरा वाटला.

अंगठ्यावर शस्त्रक्रिया असते. त्या सांध्यातलं एक छोटं हाड काढून टाकण्याची पद्धत गेर्विस यांनी १९४९ मध्येच मांडली होती. मावशींना ती कुणी सांगितली नाही, आणि नंतर सांगितली तेव्हा त्यांनी हात कापून घ्यायला साफ नकार दिला. गोळी आणि शेक यांवर भागवलं.

आणि हे फक्त हाताचं. गोधडी ही जमिनीवरची कला आहे. मांडी घालून बसायचं, एक गुडघा उभा करायचा, शिवत शिवत चारी बाजूंनी सरकायचं. त्यात भर म्हणजे घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची. भिजलेली वाकळ पिळून दगडावर टाकणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. म्हणजे गोधडी करणं आणि ती राखणं, दोन्हींची किंमत सांध्यांनी मोजायची.

मग पुरावा कुठे शोधायचा?

तुम्ही म्हणाल, ही एका बाईची गोष्ट झाली, इतिहास कुठे आहे? बरोबर प्रश्न आहे.

सांधेदुखीला इतिहास आहे, आणि तिच्या नावांनाही. 'आमवात' हा शब्द माधवनिदानात स्वतंत्र रोग म्हणून येतो. इंग्लंडमध्ये विल्यम हेबर्डन यांनी बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांवर येणाऱ्या गाठींचं वर्णन केलं, ते १८०२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्या गाठी आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. पण गावातल्या बाईच्या तोंडी यातलं काही नसतं. ती म्हणते 'वात आलाय', 'गुडघं धरल्यात', 'हात आखडला'. तुम्ही मुलाखतीत 'तुम्हाला संधिवात होता का?' असं विचारलंत तर उत्तर येईल 'नाही', आणि ते खरंही असेल. शब्द तिचा वापरा.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर आपल्याकडे एक फार मोलाचं साधन आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन हाडं, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे साधारण १८ टक्के लोकांना, असं काही ना काही दुखणं होतं. दवाखान्यात आलेले रुग्ण मोजले असते तर हा आकडा कधीच दिसला नसता, कारण दुखणं अंगावर काढणारे दवाखान्यात जातच नाहीत. ही पाहणी वैद्यकासाठी झाली. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती वाचली तर त्याला कळतं की माझी मावशी अपवाद नाही. ज्या काळात मी 'शैली' शोधत होते, त्याच काळात आसपासच्या गावांत कितीतरी लोक दुखऱ्या सांध्यांनी कामं उरकत होते.

त्याच भागातून गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. दळणाच्या कष्टाला आवाज होता, म्हणून तो नोंदला गेला. शिवताना बाई बहुधा गप्प असते, टाके मोजत असते. तिच्या कष्टाची नोंद असलीच तर त्या कापडातच असणार.

पण लगेच निदान करू नका

हे कळल्यावर माझा उत्साह उलट्या दिशेला गेला. जिथे मोठा टाका दिसेल तिथे मला दुखरा अंगठा दिसू लागला. ही दुसरी चूक, आणि ती पहिलीइतकीच वाईट.

चित्रकार रेन्वारचं उदाहरण घ्या. त्याला शेवटची कित्येक वर्षं आमवात होता, बोटं पार वाकली होती, तरी १९१९ मध्ये मरेपर्यंत तो रंगवत राहिला. 'ब्रश हाताला बांधून रंगवायचा' ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पण त्याचे फोटो, पत्रं आणि १९१५ मध्ये साशा गित्रीने घेतलेली चित्रफीत तपासणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आहे. हाताच्या पट्ट्या ब्रश बांधायला नव्हत्या, तळव्याची कातडी सोलू नये म्हणून होत्या. वाकड्या बोटांतही ब्रश धरायची ताकद त्याच्यात होती. गोष्ट सुंदर होती, पुरावा वेगळं सांगत होता. आणि रेन्वारच्या बाबतीत निदान पुरावा तरी होता. वाकळ शिवणाऱ्या बाईची चित्रफीत कोण घेणार?

म्हणून मी माझं आधीचं कारण आणि नवं कारण, दोन्ही तपासायला घेतली. कापडामुळे टाका लांबला असेल, तर दुसऱ्या गोधडीतल्या सुती तुकड्यांवर तरी तो बारीक हवा होता. तो दोन्हीकडे सारखाच लांब निघाला. मग मावशींच्या जावेची त्याच सुमाराची, तशाच साड्यांची गोधडी पाहिली. तिचा टाका बारीक होता. म्हणजे कापडाचं कारण पडलं. अंगठ्याचं कारण उभं राहिलं, पण एकटं नाही. मावशी सहज बोलून गेल्या की त्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न होतं आणि रुखवतात द्यायला दोन गोधड्या हव्या होत्या. दुखरा अंगठा आणि लग्नाची घाई, दोन्ही त्या टाक्यांत आहेत. कोणाचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही, आणि प्रबंधात तसंच लिहिलंय.

आठ वर्षांची पोकळी

मावशींच्या गोधड्या काळाप्रमाणे मांडल्या, तर मध्ये आठेक वर्षं काहीच नाही. मी सुरुवातीला लिहिलं होतं, 'बाजारात स्वस्त ब्लँकेटं आल्याने परंपरा थांबली.' वाचायला किती पटतं ना? प्रत्यक्षात त्यांना खाली बसता येत नव्हतं.

इथे थोडा शस्त्रक्रियेचा इतिहास सांगावा लागेल, कारण ही पोकळी कधी संपू शकली हे त्यावर ठरलं. आज जो कृत्रिम गुडघा बसवतात, त्याचं आधुनिक रूप १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, रानावत आणि वॉकर यांनी घडवलं. यातले चित्तरंजन रानावत मूळचे भारतातले. त्यांनीच ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात केली. उजव्याची पुढच्या वर्षी झाली. गुडघा बदलता येतो ही गोष्ट त्या बातम्यांमुळे घराघरांत पोचली. पण ऐकणं वेगळं आणि परवडणं वेगळं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार, जो आधी दीड लाखाच्या घरात जायचा, तो कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. मावशींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली २०१८ मध्ये. सून म्हणते, त्याआधी दोनदा चौकशी करून परत आलो होतो.

म्हणजे बघा, एका घरातल्या गोधड्यांच्या रांगेत पोकळी कुठे सुरू होते हे गुडघ्याने ठरवलं, आणि ती कुठे संपते यात दिल्लीतल्या एका अधिसूचनेचा वाटा आहे. मावशींच्या सासूचे गुडघे याच्या कितीतरी आधी गेले. तिच्या गोधड्यांत पोकळी नाही. एक शेवटची गोधडी आहे आणि त्यानंतर काही नाही.

मावशी ऑपरेशनला तयार झाल्या त्या चालायला यावं म्हणून नाही. "हिंडून मला काय करायचंय? खाली बसता आलं पायजे." ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, चालता येऊ लागलं. आणि घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर शक्यतो बसायचंच नाही. ज्या जमिनीसाठी त्यांनी गुडघे बदलले, ती त्यांना कायमची बंद झाली. हे सांगताना त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

पुढचे सहा महिने त्यांनी सुई उचलली नाही. मग एक दिवस नातवाचं अभ्यासाचं टेबल रिकामं दिसलं. आज त्या खुर्चीत बसून त्या टेबलावर शिवतात, फक्त दुपटी. कुणी संग्रहालयात त्यातलं एखादं ठेवलं, तर खाली पाटी लागेल: 'बाळाचं दुपटं, पारंपरिक आकार.' मी टेप लावून मोजलं. दुपट्याची रुंदी टेबलाच्या रुंदीइतकी आहे, कडेला चार बोटं सोडून. त्याच वर्षी घरात पणतू आला, हेही खरं. दोन्ही कारणं नोंदवली आहेत.

'छंद' या शब्दाविषयी

शस्त्रक्रियेनंतर व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी माहिती भरून घेताना विचारलं होतं, काही छंद आहे का? सुनेने सांगितलं, 'गोधड्या शिवतात.' त्या कागदावर 'छंद: शिवणकाम' अशी नोंद झाली. मी तो कागद पाहिला आणि माझ्या टिपणात तोच शब्द उतरवला. पन्नास वर्षं घरातल्या माणसांना थंडीपासून वाचवणारं काम त्या कागदावर एका रकान्यात छंद झालं.

पण मी घाईने 'छंद नव्हे, श्रम!' असं लिहिणार तेवढ्यात मावशींनीच अडवलं. म्हणाल्या, "आधी काम हुतं. आता छंदच की. कुणाला नकोय, तरी करते." हे दोन्ही काळ एकाच बाईच्या आयुष्यात आहेत. तुमचा सिद्धान्त कितीही आवडता असो, तिने स्वतःच्या कामाला दिलेलं नाव खोडू नका.

नाव का नाही

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. अंगठ्याची गोष्ट सांगून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "हे माझ्या नावानं लिहू नगंस पोरी. हात गेला म्हणलं की कुणी साड्या आणून द्यायचं न्हाई." गल्लीतल्या बायका अजून त्यांच्याकडे दुपटी शिवायला देतात. पैसे थोडेच मिळतात, पण ते त्यांचे स्वतःचे असतात.

माझ्या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद त्या अंगठ्यावर उभा होता. नाव आणि गाव दिलं असतं तर पुरावा भक्कम दिसला असता, परीक्षकांना तपासता आला असता. मी ते काढलं. गोधड्यांचे फोटोही असे निवडले की काठावरून घर ओळखू येऊ नये. त्यामुळे प्रकरण थोडं पातळ झालं, हे मान्य आहे. संमतीपत्रावर अंगठा घेणं सोपं असतं. ज्या अंगठ्याबद्दल लिहितोय त्याच्या मालकिणीला विचारणं वेगळं. हा लेखही टाकण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला.

तुम्ही वस्तूंवर काम करणार असाल, मग ती गोधडी असो, टोपली, मडकं किंवा विणलेली घोंगडी, तर पहिल्याच भेटीत हे विचारा: हे करताना कुठे दुखायचं? कधीपासून? दुखायला लागल्यावर काय बदललं? कोणतं अवजार घरीच बनवून घेतलं? आणि जिथे वस्तूच सापडत नाहीत, त्या वर्षांत करणारी काय करत होती? उत्तर प्रत्येक वेळी सांध्यांत सापडणार नाही. पण विचारल्याशिवाय 'शैली' हा शब्द लिहू नका.

सायकलच्या ट्यूबच्या त्या तुकड्याचा फोटो आता माझ्या प्रकरणात आहे, सुयांच्या शेजारी.